एका नापास विधेयकाची गोष्ट

निवडणूक जवळ आली की खासदारांची प्रगतिपुस्तकं निघतात. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत भाग इतक्या वेळा, खासगी विधेयकं इतकी. पीआरएससारख्या संस्था हे तक्ते नेटाने करतात आणि मला ते आवडतात. शेवटी मी एक्सेलवर पोसलेला माणूस. पण याच धंद्यात असल्यामुळे आकड्यांची एक गंमतही माहीत आहे. कोणी किती ओळी कोड लिहिला हे मोजायला लागलं की लोक ओळी वाढवतात. आणि जो बिचारा चार दिवस खपून एका ओळीतला बग शोधतो, त्याच्या नावापुढे तक्त्यात भोपळा!

विरोधी पक्षाच्या खासदाराचं तर यापेक्षा अवघड. त्याच्या हातात खातं नाही, बहुमत नाही. त्याने आणलेलं विधेयक पास होण्याची शक्यता जवळजवळ शून्य. १९५२ पासून आजवर संसदेत खासगी सदस्यांची फक्त १४ विधेयकं कायदा होऊ शकली, आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं. म्हणजे गेल्या पन्नासहून जास्त वर्षांत एकही नाही. (खासगी सदस्य म्हणजे जो मंत्री नाही तो. सत्ताधारी पक्षाचा साधा खासदारही त्यात आला.) मग अशा माणसाने केलं काय, हे कुठल्या रकान्यात शोधायचं?

या प्रश्नावर मला एक फार चांगलं उदाहरण सापडलं आहे. बॅरिस्टर नाथ पै यांचं.

मी मूळचा बुलडाणा जिल्ह्यातला, मेहकरकडचा. आमच्याकडे नाथ पै हे नाव फारसं कोणाच्या तोंडी नाही. ते कोकणातले. जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले, पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका राजापूर मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षातर्फे जिंकले. याच तिन्ही निवडणुकांत आमच्या बुलडाण्याने काय केलं, तर तिन्ही वेळा काँग्रेसचे शिवराम रंगो राणे निवडून दिले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात काँग्रेसची धूळधाण झाली, विदर्भात मात्र काँग्रेस टिकली. आपण नुकतेच, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ ला, मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो होतो. त्यामुळे बिगरकाँग्रेसी खासदार म्हणजे काय चीज असते हे आमच्या जिल्ह्याला कळायला १९७७ उजाडावं लागलं. तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे दौलत गुणाजी गवई निवडून आले. असो.

नाथ पै उत्तम बोलायचे, हे सगळेच सांगतात. मराठी, इंग्रजी, दोन्हीत. पण वक्तृत्वाची तारीफ बाजूला ठेवू, कारण भाषणं हवेत विरतात. त्यांनी केलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे एक विधेयक, जे पास झालंच नाही.

आता थोडी पार्श्वभूमी. जरा धीर धरा, पुढे याचा संबंध थेट तुमच्या-आमच्या सातबाऱ्याशी येणार आहे.

राज्यघटना लागू झाली तेव्हा मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्कांपैकी एक होता. लगेच प्रश्न उभा राहिला. जमीनदारी, खोती, इनामं रद्द करायची तर कोणाची तरी जमीन जाणार, आणि तो माणूस मूलभूत हक्क मोडला म्हणून कोर्टात जाणार. त्यावर उपाय म्हणून १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली आणि नववी अनुसूची जन्माला आली. या यादीत ज्या कायद्याचं नाव, त्याला मूलभूत हक्कांच्या नावाखाली कोर्टात आव्हान देता येत नसे. सुरुवातीला यादीत १३ कायदे होते. कोकणातली खोती रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा त्यात होता, आणि मध्य प्रदेशचा मालगुजारी वगैरे रद्द करणारा १९५० चा कायदाही होता. आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो, हे वर आलंच आहे. १९६४ साली सतराव्या घटनादुरुस्तीने या यादीत आणखी ४४ कायदे घातले. त्यात दोन आपल्या कामाचे. एक १९६१ चा महाराष्ट्राचा जमीन धारणेच्या कमाल मर्यादेचा, म्हणजे सीलिंगचा कायदा. दुसरा १९५८ चा विदर्भाचा कूळकायदा.

आमचे आबाजी कूळ होते. वावर दुसऱ्याचं, घाम आपला, आणि पीक निघालं की हिस्सा मालकाच्या घरी पोचता करायचा. साठच्या दशकात याच कूळकायद्याखाली ते वावर त्यांच्या नावावर चढलं. माझे बाबा अजूनही फेरफाराची जुनी नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतात. आबाजींचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे: "हे वावर आपल्याले कायद्यानं भेटलं, कोनाच्या मेहरबानीनं नाही." लहानपणी मला वाटायचं, कायदा म्हणजे तहसील कचेरीतला कोणीतरी साहेब असावा. त्या कायद्यामागे घटनेची एक अख्खी अनुसूची उभी आहे आणि त्या अनुसूचीवर दिल्लीत लढाया झाल्या, हे कळायला इंजिनिअरिंग होऊन नोकरी लागावी लागली.

तर लढाई. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सुप्रीम कोर्टाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. पंजाबातल्या जालंधरचं गोलकनाथ कुटुंब, पाचशे एकरांहून जास्त जमीन, आणि जमीन मर्यादेच्या कायद्याला आव्हान. अकरा न्यायमूर्तींपैकी सहा एका बाजूला, पाच दुसऱ्या. एका मताच्या फरकाने कोर्ट म्हणालं की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करताच येणार नाही. मात्र हा निकाल इथून पुढे लागू, मागच्या दुरुस्त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे आबाजींचं वावर वाचलं. पण त्यांच्यानंतर रांगेत उभ्या असलेल्यांसाठी दार बंद झालं. पुढच्या कुठल्याही जमीन कायद्याला असं संरक्षण मिळणार नव्हतं.

निकाल आला नेमका निवडणुकीच्या धामधुमीत. त्या निवडणुकीत काँग्रेसला ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या. सत्ता राहिली, पण घटनादुरुस्तीला लागणारं दोन तृतीयांश बहुमत गेलं. सरकार गप्प बसलं. आणि ७ एप्रिल १९६७ ला, नवी लोकसभा भरून जेमतेम काही आठवडे झाले असताना, नाथ पै यांनी खासगी विधेयक मांडलं: घटनेच्या कलम ३६८ मध्ये स्पष्ट लिहा की घटनेतलं कोणतंही कलम, मूलभूत हक्कांसकट, संसद ठरलेल्या पद्धतीने बदलू शकते.

त्यांच्या पक्षाचे लोकसभेत किती खासदार होते माहीत आहे? १३. तेरा जणांच्या पक्षातला एक माणूस सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायमूर्तींनी दिलेल्या निकालाला घटनादुरुस्तीने उत्तर देऊ पाहतो. खासगी कामकाज म्हणजे शुक्रवारी दुपारनंतरचे अडीच तास, जेव्हा बहुतेक खासदारांचं लक्ष घरी जाणाऱ्या गाडीकडे असतं. त्या अडीच तासांत हा विषय लोकसभेत आला.

नाथ पैंची बाजू थोडक्यात अशी. घटना लोकांची आहे. एका पिढीने पुढच्या पिढ्यांचे हात कायमचे बांधून ठेवायचे नसतात. मालमत्तेच्या हक्काच्या आडून सामाजिक सुधारणा अडत असतील तर लोकांनी निवडून दिलेल्या संसदेला तो अडथळा दूर करता आला पाहिजे. कोकणातून आलेल्या माणसाला हे पुस्तकी वाटणार नाही हे उघड आहे. खोतीने गांजलेला मुलूख तो. डॉ. आंबेडकरांनीही १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं, तेही विरोधी बाकावरून. ते विधेयकही तेव्हा पास झालं नाही. खोती कायद्याने जायला स्वातंत्र्य यावं लागलं.

आता या गोष्टीतला पेच. तुम्हाला वाटेल की विरोधी पक्ष सगळा नाथ पैंच्या मागे असेल. छे! स्वतंत्र पक्ष तर विरोधात होताच. तो मालमत्तेच्या हक्काचा कैवारी. पण समाजवादीसुद्धा फुटले. संयुक्त समाजवादी पक्षाचे मधु लिमये, पुण्याचे पण बिहारमधल्या मुंगेरमधून निवडून आलेले, गोवा मुक्तीसाठी पोर्तुगीजांच्या कैदेत राहिलेले, या विधेयकाच्या विरोधात होते. जमीनदारांची त्यांना कणव होती म्हणून नव्हे. बहुमताच्या हातात मूलभूत हक्कांची किल्ली देण्याची त्यांना भीती होती. आणखी एक विनोद असा की गोलकनाथचा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश सुब्बाराव यांनी त्याच एप्रिलमध्ये राजीनामा दिला आणि ते राष्ट्रपतिपदाचे विरोधी पक्षांचे उमेदवार झाले. विरोधकांचा उमेदवार निकाल देणारा, आणि विरोधकांचाच खासदार तो निकाल फिरवायला निघालेला. आपल्या टीव्हीवरच्या चर्चांना सवय आहे ती "सत्ताधारी विरुद्ध विरोधक" या दोन खिडक्यांची. १९६७ चा हा वाद त्या दोन खिडक्यांत बसत नाही.

उलट सरकारला हे विधेयक सोयीचं होतं. स्वतः न मांडता हवं ते कोणीतरी मांडत होतं. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. तिथे तपासून, खल होऊन परत आलं. पण पुढे सरकलं नाही. मग १९६९ ची काँग्रेसची फूट, बँकांचं राष्ट्रीयीकरण, संस्थानिकांचे तनखे, हे सगळं एकामागोमाग आलं. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा बरखास्त झाली आणि तिच्याबरोबर हे विधेयकही आपोआप बाद झालं. तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ ला, नाथ पै गेले. १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनासाठी ते सीमाप्रश्नाच्या गावी, बेळगावात आले होते. वय अवघं ४८.

प्रगतिपुस्तकात काय लिहाल? विधेयक मांडलं: एक. मंजूर: शून्य.

आणि त्याच वर्षी, १९७१ मध्ये, ३५२ जागा घेऊन आलेल्या इंदिरा गांधी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली. कलम ३६८ मध्ये जवळपास तेच आलं जे नाथ पैंना हवं होतं. फरक इतकाच की आता ते शुक्रवारच्या अडीच तासांत मांडलेलं नव्हतं. त्यामागे सरकारचं दोन तृतीयांश बहुमत होतं.

इथे मला आमच्या वऱ्हाडातला एक माणूस मध्ये आणायचा आहे. न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर. अमरावतीचे. १९१२ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष असलेले रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे त्यांचे वडील. नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती, पुढे सुप्रीम कोर्टात. गोलकनाथच्या आधी सतराव्या दुरुस्तीला आव्हान देणारा सज्जनसिंग खटला झाला. कायद्याच्या पुस्तकांत तो १९६५ चा म्हणून ओळखतात. पाच न्यायमूर्ती, अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश गजेंद्रगडकर. पाचही जणांनी याचिका फेटाळली. पण मुधोळकरांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात एक शंका लिहून ठेवली: घटनेचं मूलभूत वैशिष्ट्यच बदललं तर ती दुरुस्ती म्हणायची की घटनेचा तेवढा भाग नव्याने लिहिणं म्हणायचं? आणि नव्याने लिहिणं असेल तर ते कलम ३६८ मध्ये बसतं का? हे विचारताना त्यांनी पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाच्या १९६३ च्या एका निकालाचा आधार घेतला होता. उत्तर त्यांनी दिलं नाही. प्रश्न तेवढा ठेवून ते १९६६ मध्ये कोर्टातून बाहेर पडले.

आता २४ एप्रिल १९७३ ला या. केशवानंद भारती खटला, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. कोर्टाने काय म्हटलं? एक, गोलकनाथ रद्द. चोविसावी दुरुस्ती वैध. संसद घटनेतलं कोणतंही कलम बदलू शकते, मूलभूत हक्कसुद्धा. हे नाथ पैंचं म्हणणं. दोन, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. ही मुधोळकरांची शंका, आता उत्तर होऊन आलेली. मी जितक्या वेळा हा निकाल समजून घेतो तितक्या वेळा वाटतं की यातला अर्धा वेंगुर्ल्याचा आहे आणि अर्धा अमरावतीचा. एक विधेयक जे पास झालं नाही, आणि एक शंका जिने त्या खटल्याच्या निकालात काडीचा फरक पडला नाही. दोन्ही तेव्हाच्या हिशोबात शून्य.

गोष्ट इथे संपवली तर फार गोड होईल, आणि खोटीही. कारण दोन वर्षांत आणीबाणी आली. ऑगस्ट १९७५ मध्ये एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर काढली. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या दुरुस्तीने लिहिलं की घटनादुरुस्तीला कोणत्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या या अधिकाराला कसलीच मर्यादा नाही. विरोधी पक्षांचे नेते तेव्हा तुरुंगात होते. मधु लिमयेही होते. लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा लोकांनी आपल्याला पाच वर्षांसाठी निवडलं होतं, सहाव्या वर्षासाठी नाही, या मुद्द्यावर त्यांनी तुरुंगातूनच खासदारकीचा राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर शरद यादव यांनी दिला. अख्ख्या सभागृहात हे सुचणारे आणि करणारे हे दोघेच आठवतात.

किल्ली कोणाच्या हातात जाईल, ही लिमयेंची भीती अशी खरी ठरली. बेचाळिसाव्या दुरुस्तीचा तो भाग शेवटी ३१ जुलै १९८० ला मिनर्व्हा मिल्स खटल्यात कोर्टाने रद्द केला. बहुमताचं निकालपत्र लिहिलं पुण्याच्या यशवंतराव चंद्रचूड यांनी. १९७३ साली हेच चंद्रचूड मूलभूत चौकटीच्या विरोधात मत देणाऱ्या सहा जणांत होते! मधल्या सात वर्षांत देशाने बरंच काही पाहिलं होतं.

आणि मालमत्तेच्या हक्काचं काय झालं? जनता सरकारने १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्कांच्या यादीतूनच काढला. २० जून १९७९ पासून तो नुसता कायदेशीर हक्क उरला. म्हणजे १९६७ सालीही हा तिसरा रस्ता होता: सगळ्या हक्कांचं कुलूप उघडण्यापेक्षा, जो एक हक्क जमीन सुधारणेच्या आड येतो तेवढाच बाहेर काढायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर एका फोल्डरचं काम होतं, त्यासाठी अख्ख्या सर्व्हरचा अॅडमिन पासवर्ड द्यायची गरज नव्हती.

मग नाथ पै चुकले का? मला तसं वाटत नाही, पण "नाही" म्हणताना जीभ थोडी अडखळते हेही खरं. ज्या घरात कूळकायद्याने वावर आलं त्या घरातला मी. गोलकनाथचा निकाल जसाच्या तसा राहिला असता तर आबाजींसारख्या पुढच्या माणसाला कोणी विचारलं नसतं. संसदेने हात बांधून बसू नये हा नाथ पैंचा आग्रह माझ्यासाठी पुस्तकातला वाद नाही. पण ते संसदेवर जो विश्वास टाकत होते तो १९५७ ते १९७० मधली संसद पाहून. त्या सभागृहात तेरा जणांच्या पक्षातल्या माणसाचं विधेयक संयुक्त समितीकडे जाऊ शकत होतं. विरोधकांना तुरुंगात टाकून उरलेल्यांनी घटना बदलायची, असलं दृश्य त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते काय बोलले असते, यावर पैज लावायला मी तयार नाही.

एवढं मात्र नक्की म्हणता येईल. विरोधी खासदाराचं काम कायदे पास करून घेणं हे नसतंच मुळी. प्रश्न अशा शब्दांत मांडून ठेवणं की पुढच्या सरकारला त्याच्या बाजूने जायचं असो की विरुद्ध, त्याला वळसा घालून जाता येऊ नये, हे ते काम. नाथ पैंनी ते केलं. त्यांना विरोध करणाऱ्या लिमयेंनीही केलं. राजापूरने पुढे १९७१ पासून मधु दंडवत्यांना सलग पाच वेळा निवडून दिलं. त्या मतदारसंघाला चांगल्या विरोधी खासदाराची चटक लागली असावी.

लोकसभेतल्या जुन्या चर्चा आता संसदेच्या डिजिटल लायब्ररीत घरबसल्या वाचता येतात. पानं जुनी, स्कॅन कुठे कुठे पुसट, शोधायला वेळ लागतो. पण एखाद्या रविवारी आपल्या मतदारसंघाच्या जुन्या खासदाराचं नाव टाकून बघा. किती वेळा बोलले ते मोजू नका. काय बोलले ते वाचा. मी आता बुलडाण्याच्या दौलत गुणाजी गवईंपासून सुरुवात करणार आहे. काही हाती लागलं तर पुढच्या वीकेंडला लिहीनच.